फुप्फुसात जनुक पोहोचत नाही: व्हेक्टर नेमका कुठे अडला ते शोधायची पद्धत

व्हेक्टर म्हणजे जनुक पेशीत नेणारा वाहक, बहुधा बदललेला विषाणू. तो दिल्यावर पेशींत जीएफपी, म्हणजे खूण म्हणून वापरलेलं हिरवं चमकणारं प्रथिन, दिसलं नाही की बहुतेक जण आधी डोस दहापट करतात. फुप्फुसाच्या बाबतीत या मार्गाने फार हाती लागत नाही, हे तीस वर्षांच्या अनुभवातून कळलेलं आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या श्वसनमार्गात अ‍ॅडिनोव्हायरसमधून सीएफटीआर, म्हणजे ज्याच्या बिघाडाने हा आजार होतो ते जनुक, सोडण्याचे पहिले प्रयोग झाले. तेव्हा जास्त डोस मिळालेल्या रुग्णाच्या फुप्फुसात दाह उसळला. पुढे एएव्ही-२ (अ‍ॅडिनो-असोसिएटेड व्हायरस, प्रकार २) आला. तो रुग्णांना सोसला, पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत फुप्फुसाची क्षमता काही वाढली नाही. जनुक बरोबर होतं, विषाणूही धड होता. अडलं ते मधल्या वाटेत.

नाशिकच्या महाविद्यालयांत एम.एस्सी., एम.फार्म. किंवा आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा प्रबंध करताना ज्यांनी हा विषय घेतला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. एकच गोष्ट सांगायची आहे: व्हेक्टर बदलण्याआधी किंवा डोस वाढवण्याआधी तो कोणत्या पायरीवर थांबला ते मोजा. कफ, सिलिया (कफ हलवणारे पेशीवरचे केस), पेशीचा पृष्ठभाग, टाइट जंक्शन (शेजारच्या पेशींमधले घट्ट सांधे), एन्डोसोम (व्हेक्टरला पेशीच्या आत नेणारी पिशवी), केंद्रक अशी ही वाट आहे. प्रत्येक पायरीसाठी एक तुलना-गट ठेवला की उत्तर मिळतं. यातली पहिली पायरी तर एकही विषाणू न आणता नाशिकमध्येच तपासता येते.

फुप्फुस वेगळं का, ते आधी लक्षात घ्या. २०२४ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया-ए या रक्त न गोठण्याच्या आजारासाठी लेन्टिव्हायरस (पेशीच्या गुणसूत्रात जोडला जाणारा विषाणू) वापरून केलेल्या उपचाराचे निकाल आले. तिथे रक्ताच्या मूळपेशी शरीराबाहेर काढल्या, डिशमध्ये जनुक घातलं आणि परत दिल्या. फुप्फुसाचं अस्तर असं बाहेर काढता येत नाही. शिवाय बाहेरून श्वासावाटे येणारी प्रत्येक कणभर वस्तू अडवणं हेच त्या अस्तराचं काम आहे. आपला व्हेक्टर त्याच्या लेखी धुळीसारखाच.

परवानग्या

विषाणू-व्हेक्टर मागवण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची जैवसुरक्षा मार्गदर्शक तत्त्वं वाचून अर्ज भरा. माणसांवरच्या उपचारांचा संदर्भ लिहायचा असेल तर आयसीएमआरची २०१९ ची जनुकोपचार मार्गदर्शक तत्त्वं पाहा. महाविद्यालयात अशी समिती नसेल तर पुण्यातल्या एखाद्या प्रयोगशाळेशी सहकार्य करून विषाणूचं काम तिथे करा. कफाचं काम इथेच होतं.

आधी कागदावर: जनुक मावतं का?

हा हिशेब पाच मिनिटांचा आहे, पण तो न केल्यामुळे कित्येक प्रबंधांचे आराखडे कोसळतात. सीएफटीआर प्रथिनात १,४८० अमिनो आम्लं असतात. म्हणजे थांबा-संकेतासह ४,४४३ बेस, डीएनएची अक्षरं. एएव्हीच्या जीनोमच्या दोन्ही टोकांना लागणारे आयटीआर हे तुकडे प्रत्येकी १४५, म्हणजे २९०. झाले ४,७३३. एएव्ही-२ चा नैसर्गिक जीनोम ४,६७९ बेसचा आहे. जनुक सुरू करणारा प्रमोटर आणि त्याच्या शेवटचा पॉली-ए संकेत अजून घातलेलेच नाहीत, आणि जागा संपलीसुद्धा. म्हणूनच सुरुवातीच्या एएव्ही चाचण्यांत वेगळा प्रमोटर न घालता आयटीआरच्याच क्षीण प्रमोटर-शक्तीवर भागवलं गेलं. नंतर सीएफटीआरच्या आर-डोमेन या भागातली ७०८ ते ७५९ ही ५२ अमिनो आम्लं काढलेली आवृत्ती आली. तिच्यात १५६ बेस वाचतात आणि अगदी छोटा कृत्रिम प्रमोटर बसू शकतो.

लेन्टिव्हायरसमध्ये ८ हजार बेसपर्यंत जागा मिळते, अ‍ॅडिनोव्हायरसमध्ये त्याहून कितीतरी जास्त. पण त्यांचा आकार ९० ते १२० नॅनोमीटर, तर एएव्ही जेमतेम २५. जागा हवी तर आकार वाढतो, आणि आकार वाढला की कफ आडवा येतो. आधी रिपोर्टर, म्हणजे पोहोचल्याची खूण दाखवणाऱ्या, जनुकावर काम करा. जीएफपी सुमारे ७२० बेसचं आहे, त्यामुळे जागेचा प्रश्न बाजूला राहतो आणि फक्त पोहोचण्याचा प्रश्न मोजता येतो.

पहिली पायरी: कफ, विषाणूशिवाय

इथे विषाणूऐवजी चमकणारे पॉलिस्टायरीन मणी वापरायचे. १०० नॅनोमीटरचे मणी आकाराने अ‍ॅडिनो आणि लेन्टिव्हायरसचे प्रतिनिधी. दोन प्रकार घ्या: एक कार्बोक्सिल पृष्ठभागाचे, म्हणजे कफाला चिकटणारे, आणि दुसरे त्यांच्यावरच ५ किलोडाल्टनचं पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, चिकटू न देणारं आवरण) घट्ट चढवलेले. पीईजी नीट चढलं की नाही हे झीटा पोटेन्शियलवरून, म्हणजे पृष्ठभागाच्या विद्युतभाराच्या मापावरून, कळतं: साधे मणी उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास असतात, चढवल्यावर ते शून्याजवळ यायला हवेत. उणे २० वरच अडलं असेल तर आवरण विरळ आहे, प्रयोग पुढे नेऊ नका. झीटा मोजायचं यंत्र आहे का, हे जवळच्या फार्मसी महाविद्यालयात विचारा.

कफासाठी बोकडाची श्वासनळी घ्या. मटणाच्या दुकानात सकाळी लवकर जा आणि फुप्फुसासकट अखंड नळी मागा. गळा कापताना नळीत रक्त उतरतं, म्हणून कापलेल्या टोकाकडचा भाग सरळ टाकून द्या आणि फुप्फुसांकडचा ८ ते १० सेंटिमीटरचा तुकडा ठेवा. पिशवी बर्फावर ठेवायची, पण बर्फाचं पाणी नळीत शिरू द्यायचं नाही. दोन तासांच्या आत काम सुरू करा. नळी उभी चिरून काचेच्या स्लाइडच्या कडेने आतला थर हलक्या हाताने गोळा करा. जोर लावला तर पेशी खरवडल्या जातात, त्यांचा डीएनए कफात मिसळतो आणि कफ खोटा घट्ट होतो.

नळी सलाइनने धुऊ नका, ही इथली सर्वांत जास्त होणारी चूक. कफ म्हणजे म्युसिनच्या धाग्यांची जाळी. पाणी मिळालं की ती फुगते, छिद्रं मोठी होतात आणि तुमचे मणी सुळकन निघून जातात. निकाल सुंदर दिसतो, पण तो कफाचा नसून पातळ केलेल्या कफाचा असतो.

आता ३० मायक्रोलिटर कफात १ मायक्रोलिटर मणी. मणी आधी बाथ सोनिकेटरमध्ये दोन मिनिटं हलवा, नाहीतर त्यांचे पुंजके कफात अडकलेत असं वाटत राहील. मिश्रण टोकाने हळू ढवळा, बुडबुडे नकोत. स्लाइडवर सिलिकॉनचा छोटा खळगा करून त्यात भरा, वर कव्हरस्लिप ठेवा आणि कडा व्हॅसलीनने बंद करा. नाशिकच्या उन्हाळ्यात उघडा थेंब दहा मिनिटांत कडेने सुकायला लागतो. सुकणाऱ्या थेंबात प्रवाह तयार होतात, आणि सगळे मणी एकाच दिशेला वाहू लागले की मोजमाप व्यर्थ.

१०० पट तेलाच्या भिंगाखाली सेकंदाला ३० चौकटी या वेगाने २० सेकंदांची चित्रफीत घ्या. फिजी या मोफत सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकमेटने मण्यांचे मार्ग काढा. प्रत्येक नमुन्यात किमान १०० मणी आणि निदान तीन वेगळ्या जनावरांचे नमुने हवेत. मोजायचं ते सरासरी वर्गविस्थापन, म्हणजे एमएसडी.

पाण्यातली तपासणी टाळू नका. २५ अंशाला १०० नॅनोमीटरच्या मण्याचा पाण्यातला विसरण गुणांक सेकंदाला ४.९ वर्ग मायक्रोमीटर येतो. म्हणजे ०.१ सेकंदात द्विमितीय एमएसडी सुमारे २ वर्ग मायक्रोमीटर असायला हवा. तुमचा आकडा याच्या जवळ आला नाही तर कॅमेऱ्याचं मोजमाप किंवा मण्यांचा आकार चुकतो आहे. पाण्यात मणी भिंगाच्या पट्ट्यातून भरभर निघून जातात, म्हणून तिथे ०.१ सेकंदच बघा; कफात १ सेकंदापर्यंत जाता येतं. तापमान लिहायला विसरू नका. डिसेंबरच्या सकाळी खोली १५ अंशांवर असते तेव्हा हाच गुणांक ३.७ येतो आणि मे महिन्यात ३५ अंशांवर ६.३. वातानुकूलन नसलेल्या खोलीत हिवाळ्यातले आणि उन्हाळ्यातले निकाल शेजारी ठेवून कुणी ‘मणी वेगाने हलले’ असं लिहिलं, तर त्यात कफाचा काही संबंध नाही.

एमएसडी आणि वेळ यांचा लॉग-लॉग आलेख काढा. उतार १ असेल तर मणी मोकळा फिरतो आहे. १ पेक्षा बराच कमी म्हणजे जाळीत कोंडलेला. १ पेक्षा जास्त म्हणजे थेंब वाहतो आहे. ती चित्रफीत बाद करा. शिवाय काचेला चिकटवून टाकलेल्या मण्यांचाही एमएसडी मोजा. तो शून्य येत नाही. त्याच्याखालचा कोणताही आकडा हा यंत्राचा थरथराट समजायचा.

पीईजी चढवलेले मणी फिरतात आणि साधे अडकतात, असं दिसलं तर तुमचा अडथळा चिकटण्याचा आहे. दोन्ही अडकले तर जाळीची छिद्रंच लहान आहेत. हा भेद फार मोलाचा. सिस्टिक फायब्रोसिसच्या थुंकीत छिद्रांचा सरासरी आकार १४० नॅनोमीटरच्या आसपास मोजला गेला आहे, तरीही २५ नॅनोमीटरचा एएव्ही त्यात अडकतो. कारण तो चिकटतो. आकार लहान आहे म्हणून एएव्ही कफातून जाईल, हे वाक्य प्रबंधात लिहू नका. आणि निरोगी बोकडाचा कफ म्हणजे रुग्णाचा कफ नव्हे, हेही तिथेच लिहा: रुग्णाच्या कफात मेलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए आणि अ‍ॅक्टिन असतं, पाणी कमी असतं.

दुसरी पायरी: अस्तर उभं करणं

ए५४९ या फुप्फुसाच्या कर्करोगातून आलेल्या पेशी सगळीकडे मिळतात म्हणून त्यांच्यावर काम उरकण्याचा मोह होतो. करू नका. त्यांची टाइट जंक्शन कमकुवत असतात आणि प्लास्टिकवर पसरलेल्या पेशीला वर-खाली अशी बाजूच नसते. तिथे जवळजवळ प्रत्येक व्हेक्टर चालतो आणि प्रत्यक्ष श्वसनमार्गात त्यातला क्वचितच एखादा. या एका फरकाने अनेक चांगल्या लोकांची वर्षं वाया गेली आहेत.

हवेच्या सीमेवर वाढवलेलं अस्तर हवं. प्राथमिक मानवी ब्राँकियल पेशी सर्वोत्तम, पण त्या आयात कराव्या लागतात, महाग पडतात आणि सिलिया यायला ३ ते ४ आठवडे लागतात. पहिल्या प्रबंधासाठी कॅलू-३ पुरेशा आहेत. त्या कर्करोगातून आलेल्या आहेत, सिलिया फारशा देत नाहीत, पण कफ आणि टाइट जंक्शन दोन्ही देतात. पेशी मागवण्याआधी पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) पेशीसंग्रहाची ताजी यादी बघा.

६.५ मिलिमीटर व्यासाचे, ०.४ मायक्रोमीटर छिद्रांचे ट्रान्सवेल, म्हणजे तळाशी सच्छिद्र पडदा असलेले छोटे पेले, घ्या. पडद्याचं क्षेत्रफळ ०.३३ चौरस सेंटिमीटर. प्रत्येकात १ लाख पेशी, वर १०० मायक्रोलिटर माध्यम आणि खाली ६००. दोन-तीन दिवसांनी थर जुळला की वरचं माध्यम काढून टाका. त्यानंतर अन्न फक्त खालून, एक दिवसाआड. खालची पातळी पडद्याच्या वर चढली तर माध्यम झिरपून वर येतं आणि पेशींवरचा हवेचा संबंध तुटतो. वर सकाळी ओल दिसली तर आधी पातळी तपासा, मगच गळतीचा संशय घ्या.

दोन ते तीन आठवड्यांनी विद्युतरोध, म्हणजे टीईईआर, मोजा. मोजलेल्या आकड्यातून रिकाम्या पडद्याचा रोध वजा करून क्षेत्रफळाने गुणायचं. समजा यंत्रावर १,४०० ओहम आले आणि रिकाम्याचे १२०, तर १,२८० गुणिले ०.३३ म्हणजे ४२२ ओहम-चौरस सेंटिमीटर. ३०० च्या खालचे पडदे प्रयोगात घेऊ नका. क्षेत्रफळाने भागणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात, गुणायचं आहे. थंड माध्यमात रोध जास्त दिसतो, म्हणून प्लेट बाहेर काढून सगळ्या पडद्यांना खोलीच्या तापमानाला यायला सारखाच वेळ द्या.

वळवाच्या पावसात वीज जाते. इनक्युबेटर जनरेटरवर नसेल तर दार उघडू नका; बंद दारामागे तापमान बराच वेळ टिकतं, उघडलं की काही मिनिटांत सगळं जातं.

व्हेक्टर घरी आणताना

मुंबईहून कसारा घाटातून किंवा पुण्याहून सिन्नरमार्गे, पार्सल कोरड्या बर्फात येईल. थर्माकोलच्या पेटीतून दिवसाला २ ते ४ किलो बर्फ उडून जातो, म्हणून ५ किलोवर भागवू नका, १० मागवा. सिंहस्थाच्या पर्वणीच्या आसपास रस्ते बंद असतात, त्या आठवड्यांत मागणी देऊच नका. कोरडा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. नळीचं झाकण सैल असेल तर तो आत शिरतो, वितळताना द्रव आम्लधर्मी होतो आणि लेन्टिव्हायरसला ते सोसत नाही. नळ्यांना पॅराफिल्म लावून मागवा आणि आल्यावर उणे ८० ला एक दिवस ठेवूनच वितळवा.

एएव्ही साध्या प्लास्टिकला चिकटतो. पातळ केलेला व्हेक्टर नेहमीच्या नळीत ठेवला तर पेशींपर्यंत किती गेला हे सांगता येत नाही. कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरा आणि बफरमध्ये ०.००१ टक्के पोलोक्झॅमर-१८८ घाला. १० मायक्रोलिटरचे भाग करून गोठवा, एकदा वितळलेला भाग परत गोठवू नका.

टायटर, म्हणजे मिलिलिटरमागे किती व्हेक्टर आहे, ते स्वतः मोजा. क्यूपीसीआर या डीएनएच्या प्रती मोजायच्या पद्धतीआधी डीएनेज-१ या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने ३७ अंशाला ३० मिनिटं प्रक्रिया करा, नाहीतर उरलेला प्लास्मिडही विषाणू म्हणून मोजला जाईल. आयटीआरवरचे प्रायमर आणि जीएफपीवरचे प्रायमर वेगवेगळे आकडे देतात. एक निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

डोसचा हिशेब असा: पडद्यावर अंदाजे २ लाख पेशी, पेशीमागे ५० हजार जीनोम, म्हणजे पडद्याला एकूण १ हजार कोटी. साठा मिलिलिटरला १० लाख कोटीचा असेल तर त्यातला १ मायक्रोलिटर पुरतो. तो ५० मायक्रोलिटर बफरमध्ये मिसळून द्या.

तिसरी पायरी: गट लावणं

प्रत्येक गटात तीन पडदे. डोस सगळीकडे तोच.

पहिल्या गटात कफ तसाच ठेवून हवेकडच्या बाजूने व्हेक्टर घाला. दुसऱ्या गटात आधी ३७ अंशाच्या पीबीएस या क्षारयुक्त बफरने तीनदा धुवा, प्रत्येक वेळी १५ मिनिटं ठेवून, मग घाला.

तिसऱ्या गटात टाइट जंक्शन उघडायची. १० मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन), कॅल्शियम नसलेल्या बफरमध्ये, २० ते ३० मिनिटं. ईजीटीए फक्त वर घालून खाली कॅल्शियमवालं माध्यम तसंच ठेवलं तर काहीच उघडत नाही. खालचं माध्यमही तेवढ्या वेळापुरतं बदला. टीईईआर मोजून रोध खरंच पडला याची खात्री करा, मग व्हेक्टर घाला आणि नेहमीचं माध्यम परत द्या. दुसऱ्या दिवशी रोध परत चढायला हवा. चढला नाही तर पेशी मेल्या आहेत आणि त्या पडद्याचा निकाल धरू नका.

चौथ्या गटात तळाच्या बाजूने. ट्रान्सवेल निर्जंतुक पेट्री डिशमध्ये उलटा ठेवा, पडद्यावर ५० मायक्रोलिटरचा थेंब द्या, शेजारी ओला टिश्यू ठेवून झाकण लावा आणि ३७ अंशाला दोन तास ठेवा. इतर गटांनाही तेवढाच वेळ द्या, मग सगळ्यांचा उरलेला व्हेक्टर काढा.

पाचव्या गटात धुतलेल्या पेशी, हवेकडून व्हेक्टर आणि खालच्या माध्यमात प्रोटिअसोमच्या (पेशीतली प्रथिनं मोडणारी यंत्रणा) कामात ढवळाढवळ करणारं औषध, उदाहरणार्थ डॉक्सोरुबिसिन २ ते ५ मायक्रोमोलर. डॉक्सोरुबिसिन स्वतः नारिंगी-लाल चमकतं, म्हणून लाल रिपोर्टर वापरू नका आणि औषध आहे पण विषाणू नाही असा एक पडदा ठेवाच. तो नसेल तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. सहाव्या गटात विषाणूशिवाय फक्त बफर.

एएव्हीला घाई चालत नाही. त्याचा जीनोम एकेरी धाग्याचा असतो, दुसरा धागा तयार झाल्याशिवाय जनुक बोलत नाही. ३ दिवसांनी, ७ दिवसांनी आणि १४ दिवसांनी बघा. ज्यांनी ४८ तासांनी ‘निकाल नाही’ असं लिहिलं, त्यांनी पुरेशी वाट पाहिलेली नसते, एवढंच.

शेवटी प्रत्येक गटातल्या एका पडद्यावर ट्रिप्सिन द्या, पेशी धुवा आणि डीएनए काढून पेशीमागे किती जीनोम आत शिरले ते क्यूपीसीआरने मोजा. ट्रिप्सिन यासाठी की पृष्ठभागाला नुसते चिकटलेले कण निघून जावेत. हा आकडा आणि जीएफपीच्या पेशींची टक्केवारी, दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय पुढचं वाचन करता येत नाही.

निकाल कसा वाचायचा

धुतल्यावर पहिल्यापेक्षा दुसरा गट स्पष्ट चढला तर अडथळा कफाचा. मग पीईजी, म्युकोलायटिक (कफ पातळ करणारं औषध) किंवा कमी चिकटणारा कॅप्सिड (विषाणूचं प्रथिनांचं कवच) यांचा विचार करा.

दुसरा गट कमी, तिसरा आणि चौथा खूप जास्त, हे चित्र सर्वांत नेहमीचं आहे. त्याचा अर्थ रिसेप्टर, म्हणजे विषाणू ज्यांना धरून आत शिरतो ते रेणू, तळाशी आहेत. अ‍ॅडिनोव्हायरस-५ ज्याला धरतो तो सीएआर टाइट जंक्शनच्या खाली असतो. एएव्ही-२ ला लागणारं हेपरान सल्फेट हवेकडच्या बाजूला तोकडं. व्हीएसव्ही-जी हे दुसऱ्या विषाणूचं प्रथिन चढवलेल्या नेहमीच्या लेन्टिव्हायरसलाही तळच हवा. अशा वेळी डोस दहापट केला तरी व्हेक्टर चुकीच्या दारावर थाप मारत राहतो. उपाय दोन: दार उघडणं किंवा दुसऱ्या दाराची किल्ली घेणं. माणसाच्या फुप्फुसात टाइट जंक्शन उघडणं धोक्याचं, कारण त्याच वाटेने जंतूही आत जातात, आणि या रुग्णांच्या श्वासनलिकांत जंतू आधीपासून ठाण मांडून असतात. म्हणून आम्ही किल्ली बदलण्याच्या बाजूचे आहोत. एएव्ही-५ आणि एएव्ही-१ सियालिक आम्लाला धरतात, ते हवेकडच्या बाजूला मुबलक आहे. लेन्टिव्हायरसवर सेन्डाय विषाणूची एफ आणि एचएन प्रथिनं चढवली की तोही वरून शिरतो. हे खरंच रिसेप्टरमुळे घडलं का, हे न्युरामिनिडेजने सियालिक आम्ल कापून तपासा. संकेत पडला तर खात्री.

जीनोम आत भरपूर आणि जीएफपी जवळजवळ नाही, असं दिसलं तर दाराशी भांडण्यात अर्थ नाही, गोष्ट पेशीच्या आत अडली आहे. पाचवा गट चढला तर एन्डोसोममधून सुटल्यावर कॅप्सिडची विल्हेवाट लागत होती किंवा तो केंद्रकापर्यंत पोहोचत नव्हता. पाचवाही चढला नाही तर दुसरा धागा किंवा प्रमोटर पाहा. स्वपूरक एएव्ही, म्हणजे दोन्ही धागे सोबत आणणारा, दुसऱ्या धाग्याची वाट पाहत नाही, पण त्यात जागा निम्मीच, साधारण २,३०० बेस, म्हणजे सीएफटीआरला तो मार्ग बंद. सीएमव्ही प्रमोटर श्वसनमार्गात सुरुवातीला जोरात चालतो आणि मग गप्प होतो. १४ व्या दिवशी उतरती दिसली तर आधी त्याचा संशय घ्या.

चौथा गटसुद्धा शून्य असेल तर अस्तराला दोष देऊ नका. व्हेक्टर मेला आहे किंवा टायटर चुकलं आहे. तोच भाग एचईके-२९३ या प्रयोगशाळेतल्या साध्या पेशींवर टाकून बघा.

प्रतिपिंडं

डिशमध्ये रोगप्रतिकारशक्ती नसते, त्यामुळे वरचा सगळा निकाल आशावादी बाजूचा आहे. प्रत्यक्ष फुप्फुसात वायुकोशांतल्या मॅक्रोफेज पेशी पहिल्याच दिवशी अ‍ॅडिनोव्हायरसचा मोठा वाटा गिळून टाकतात, हे उंदरांत दिसलं आहे. त्यात भर प्रतिपिंडांची: एएव्ही आणि अ‍ॅडिनोव्हायरस लहानपणीच पुष्कळांना होऊन गेलेले असतात.

तपासणी सोपी आहे. रक्तरस ५६ अंशाला ३० मिनिटं ठेवा. १:५ पासून १:६४० पर्यंत दुप्पट-दुप्पट पातळ करा, प्रत्येकात सारख्याच प्रमाणात व्हेक्टर मिसळून ३७ अंशाला एक तास ठेवा आणि एचईके-२९३ वर टाका. ज्या पातळीला संकेत निम्मा होतो तो टायटर. रक्तरस माणसांचा असेल तर नैतिकता समितीची परवानगी आधी. लक्षात ठेवा, रक्तातला टायटर म्हणजे श्वसनमार्गातला नव्हे. तिथे आयजीए हा प्रतिपिंडांचा प्रकार वेगळं काम करतो.

हाच अडथळा दुसऱ्या डोसला सर्वांत कठोर होतो. अ‍ॅडिनोव्हायरसच्या मानवी चाचण्यांत दिलेला डोस पुन्हा दिल्यावर परिणाम विरत गेला. श्वसनमार्गाच्या पेशी कायमच्या नसतात, त्यामुळे एकदाच देऊन आयुष्यभर भागणं अवघड. नव्या पेशी ज्यांच्यापासून येतात त्या बेसल पेशी अस्तराच्या तळाशी, इतर पेशींच्या आड असतात, आणि वरून आलेला व्हेक्टर त्यांना सहसा गाठत नाही. एएव्हीचा जीनोम बहुतांशी गुणसूत्रात जोडला जात नाही, म्हणून पेशी विभागली की तो विरळ होतो. लेन्टिव्हायरस जोडला जातो. दीर्घ टिकाव हवा असेल तर त्याचा विचार करायचा, पण कुठे जोडला गेला याची काळजी सोबत येते.

नेब्युलायझर

द्राक्षबागेत फवारणी केलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. थेंब फार बारीक असेल तर वाऱ्यावर जातो, फार मोठा असेल तर पहिल्याच पानावरून ओघळतो. फुप्फुसासाठी १ ते ५ मायक्रोमीटरचे थेंब हवेत. मोठे घशातच बसतात, खूप बारीक उच्छ्वासाबरोबर परत बाहेर पडतात. आणि जिथे कफ जास्त तुंबला आहे तिथे हवाच जात नाही, म्हणजे सर्वांत आजारी भागाला सर्वांत कमी औषध.

औषधाच्या दुकानात मिळणारा कॉम्प्रेसरचा जेट नेब्युलायझर द्रवाला त्याच पेल्यात पुन्हा पुन्हा फिरवतो आणि फाडतो. आवरण असलेल्या लेन्टिव्हायरसला तो विशेष जाचक. व्हायब्रेटिंग मेश प्रकार घ्या. ३ मिलिलिटर भरा, धुकं थंड नळीत गोळा करा आणि आधीचा-नंतरचा टायटर दोन्ही पद्धतींनी मोजा: क्यूपीसीआरने जीनोम आणि पेशींवर टाकून जिवंतपणा. जीनोम तेवढेच पण जिवंतपणा निम्मा, असं बऱ्याचदा दिसतं. नुसता क्यूपीसीआर केलात तर हे नुकसान कळतच नाही. थेंबांचा आकार इम्पॅक्टरवर, म्हणजे थेंब आकारानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रावर, मोजायचा असेल तर त्यातला एनजीआय हा प्रकार मिनिटाला १५ लिटरवर चालवा आणि आधी ५ अंशाला थंड करून घ्या, नाहीतर थेंब आत सुकून लहान दिसतात. आकाराचं काम मण्यांवर किंवा रंगावर करा. जिवंत लेन्टिव्हायरसचं धुकं उघड्या टेबलावर कधीही करू नका.

सांडलं तर काय, हे भिंतीवर लिहून ठेवा. लेन्टिव्हायरसला आवरण असतं, त्याला ७० टक्के अल्कोहोल पुरतं. एएव्ही आणि अ‍ॅडिनोव्हायरस अल्कोहोलने खात्रीने मरत नाहीत. त्यांना ताजं केलेलं ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, १० मिनिटं, मग पाण्याने पुसणं. उन्हाळ्यात बाटलीतलं हायपोक्लोराइट लवकर मरतं, म्हणून पातळ द्रावण रोज नवं करा.

निकाल लिहिताना

‘३० टक्के पेशींत जीएफपी’ एवढंच लिहू नका, कोणत्या पेशींत ते लिहा. जुन्या प्रयोगांत ६ ते १० टक्के दुरुस्त पेशी मिसळल्या तरी अस्तराचं क्लोराइड वहन सामान्य झालं होतं. कफ हलवण्यासाठी मात्र २५ टक्क्यांच्या आसपास पेशी लागल्या. २०१८ मध्ये सापडलेल्या आयोनोसाइट या पेशी संख्येने अगदी थोड्या, पण त्यांच्यात सीएफटीआर भरपूर असतं. स्रावी पेशींत ते थोडं थोडं, पण त्या पेशीच संख्येने खूप. कॅलू-३ मध्ये हा भेद दिसणार नाही, त्यासाठी प्राथमिक पेशीच हव्यात. भारतात सीएफटीआरमधली बिघाडांची सरमिसळ युरोपपेक्षा वेगळी आहे, तिथे नेहमी आढळणारा एफ५०८डेल हा बिघाड इथे तुलनेने कमी रुग्णांत सापडतो, त्यामुळे त्या बिघाडावर चालणाऱ्या गोळ्या इथल्या अनेक मुलांना उपयोगी पडत नाहीत. म्हणून बिघाड कोणताही असो, पूर्ण जनुक पोहोचवण्याच्या कामाला इथे जास्त महत्त्व आहे. तुमच्या नोंदवहीत प्रत्येक पडद्यापुढे टीईईआर, पेशीमागचे जीनोम, जीएफपीची टक्केवारी, खोलीचं तापमान आणि व्हेक्टर कितव्यांदा वितळला, हे पाच रकाने आखून घ्या.